वाळवी लागलेलं जेट

दार वाजलं म्हणून उघडायला जावं, तर बाहेर आण्णा पाठ फिरवून पायऱ्या उतरत असतात.

"आण्णा, अहो, या की आत!"

"न्हाई मास्तर, तुमच्याकडं न्हवतो आलो. दाराकडं आलतो."

आणि मग शेवटच्या पायरीवर थांबून, डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात त्या आवाजात, "खालच्या फळीत पानी शिरलंय. दिवाळीपातूर काडंल. म्होरचं माझ्यावर घालू नका."

आमच्या गल्लीत बत्तीस घरं आहेत आणि बत्तीसही दारांच्या प्रकृतीची आण्णांना खडान्‌खडा माहिती आहे. तर्जनीचं पेर दुमडून ते लाकडावर वाजवतात, टक् टक्, आणि डोळे मिटून ऐकतात. लाकूड आतून सुटलं असेल, ओल धरली असेल, किड्यानं पोखरलं असेल, तर त्यांना ते ऐकू येतं. देवळाचा दरवाजा, तालमीचा खांब, नगरसेवकाचं टेबल, बँडवाल्याचा ढोल, त्यांच्या बोटातून काही सुटलेलं नाही. एकदा तालमीतला एक पैलवान त्यांच्या वाटेत आडवा उभा होता. आण्णांनी विचारांच्या तंद्रीत त्याच्याच टाळक्यावर टक् टक् केलं आणि म्हणाले, "भरीव हाय. पन वाळाया पायजे हुतं अजून." हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे पाहिलं नसेल, पण घडलं असणार याबद्दल मला शंका नाही.

खुद्द आण्णांच्या लग्नाची गोष्ट मात्र शंभर टक्के खरी आहे, कारण ती आक्कांनी सांगितली. आक्का म्हणजे आण्णांच्या पत्नी. मुलगी बघायला कुरुंदवाडला पाहुणे आले, पोह्यांच्या बशा फिरल्या, मुलगी खाली मान घालून बसली. मुलानं मुलीकडं एकदाही पाहिलं नाही. तो बसल्या बसल्या मागं हात घालून दाराची चौकट वाजवत होता. शेवटी मुलीचे वडील म्हणाले, "काय विचारायचं असलं तर विचारा." मुलानं विचारलं, "चौकट आंब्याच्या लाकडाची हाय न्हवं?" आक्का आजही म्हणतात, "मला वाटलं, हे चौकटच पसंत करून जात्यात."

आता हा माणूस असा का, ते सांगतो.

दत्तोबा सुतार, वय वर्षं सत्त्याहत्तर. आयुष्यातली तीस-पस्तीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांसाठी पॅटर्न करण्यात गेली. पॅटर्न म्हणजे काय, तर ओतीव लोखंडाची कुठलीही वस्तू करायची तर आधी ती लाकडात हुबेहूब करावी लागते. तिचा वाळूत ठसा घेतात आणि त्या ठशात लोखंडाचा रस ओततात. त्या कामात आण्णांचा हात असा होता, की त्यांनी केलेला लाकडी पंप बघून एका शेतकऱ्यानं त्याला पाईप जोडला, असं म्हणतात. (मीच म्हणतो.) पण आण्णांना पॅटर्नबद्दल विचारा, दोन वाक्यांत विषय संपतो. त्याआधीचं विचारा. त्याआधी, मिसरूड फुटायच्या वयात, आण्णा हवाई दलात होते.

सुतार म्हणून.

आणि इथंच सगळा घोटाळा आहे. तालमीसमोर बंडाचं चहाचं दुकान आहे. बंडा म्हणजे एकशेदहा किलोचा माणूस, आवाज त्याहून जड. आण्णांनी पहिल्यांदा ही हकिकत सांगितली तेव्हा बंडा गाळणी हातात धरून म्हणाला होता, "हवाई दलात सुतार? कशाला, ढगास्नी चौकटी बसवाय?"

"इमानं दुरुस्त कराय."

"इमानाला सुतार?"

"आमचं जेट लाकडाचं हुतं."

ते वाक्य आण्णांनी उच्चारलं आणि त्यांची इज्जत त्या दिवशी जी चहाच्या चोथ्यात गेली, ती पुढची वीस वर्षं वर आली नाही. लाकडाचं जेट! लोकांनी टाळ्या दिल्या. "मग सरपणाला बी हुत असंल." "पंख काय पत्रावळीचं का?" "आन् आग लागली की शेकत बसायचं!" त्या दिवसापासून दत्तोबा सुतार यांचे जेट आण्णा झाले.

यातली खरी गंमत माझ्याकडून ऐका. मी भूगोलाचा मास्तर. सांगताना माझ्या तोंडात पंचगंगेचं पात्र गंगेएवढं होतं आणि रंकाळ्यात देवमासा दिसतो. हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, तरी माझ्या थापा लोक मिटक्या मारत ऐकतात. आणि आण्णा, ज्यांनी उभ्या आयुष्यात एक इंचाची थाप मारली नाही, त्यांचं अक्षर न् अक्षर खरं असूनही कुणी ऐकत नाही. कारण मी थाप सैल सांगतो आणि आण्णा खरं मापानं सांगतात.

"लिवून घ्या," असं म्हणूनच त्यांची सुरुवात होते. समोरच्याच्या हातात कागद नसला तरी. "इमानाचं नाव व्हॅम्पायर. इंग्रजांनी १९४३ सालात पयल्यांदा उडीवलं. १९४८ ला आपल्याकडं आलं. आपल्या देशाचं पयलं जेट. त्याच्या आदी सगळी पंख्याची, फिरकीची. ह्याला फिरकी न्हाई. लिवलं?"

"लिवलं आण्णा," बंडा म्हणतो आणि चहात साखर टाकतो.

"नाकाड आन् बसायची जागा, ही सगळी लाकडाची. बाहेरनं पातळ प्लाय, आतनं पातळ प्लाय, आन् मधी बाल्सा. बाल्सा म्हंजे असं लाकूड, की हातभर ओंडका करंगळीवर उचलंल. पंख धातूचं. शेपटीकडच्या दोन दांड्या धातूच्या."

"दोन शेपट्या?"

"एकच शेपूट, दोन दांड्यांवर. का? ईचार की, का?"

"का आण्णा?"

"त्या टायमाला जेटचं इंजान नवं, अशक्त. मागं लांब नळी दिली की निम्मा जोर नळीतच जिरतोय. लांब फुंकनीनं चूल फुकून बग, गाल दुखत्यात का न्हाई? म्हनून त्येनी नळी आकूड ठेवली आन् शेपूट दोन दांड्या काडून मागं न्हेलं. डोकं म्हंत्यात ह्याला! लिवून घे. इंजानाचा रेटा दीड टन. रिकामं इमान सव्वातीन टन. नाकाखाली चार तोफा. येग तासाला आठशे ऐंशी किलोमीटर."

"म्हंजे?"

आणि इथं आण्णा उभे राहतात. हे त्यांचं आवडतं गणित. "म्हंजे तू हितनं च्या उकळत ठिवलास. मी निगालो. तुझा च्या वर आला, गाळलास, कपात वतलास, गिऱ्हाइकाला दिलास. तवर मी जयसिंगपूर सोडून मिरजेवर गेलो आन् वळून परत हितं आलो. कप गरमच हाय! उंची किती जातंय? पन्हाळ्यावर पन्हाळा ठिव, त्येच्यावर पन्हाळा. असं तेरा पन्हाळं!"

बोलताना त्यांचे डोळे असे चमकतात, की समोरच्या माणसाला वाटावं हा माणूस आत्ता तेराव्या पन्हाळ्यावरून उतरून आलाय. मला विचाराल तर माझा विश्वास होता. म्हणजे, होता असं मी आता म्हणतो. तेव्हा मीही बंडाला टाळी देत होतो.

इंजिनाचं नाव गॉब्लिन. व्हॅम्पायर म्हणजे रक्त पिणारं भूत आणि गॉब्लिन म्हणजेही भूतच. आक्कांनी अमावास्येला हा विषय घरात काढायला बंदी घातली होती.

"मोबाईलवर दाखवा की," असं तुम्ही म्हणाल. दाखवलं. फोटो, माहिती, लाकडी साच्यावर चाललेलं काम, सगळं दाखवलं. बंडा म्हणाला, "मोबाईलवर परवा गाढव इंग्लिशमधनं भाषण करताना बघितलंय मी. आजकाल काय बी करत्यात."

मग प्रत्यक्षच जायचं ठरलं. आमच्या जिल्ह्यात एका साखर कारखान्याची बाग आहे, आणि त्या बागेत, कुणा एका जुन्या चेअरमननी हौसेनं आणलेलं, चौथऱ्यावर नाक वर करून उभं केलेलं एक खरंखुरं व्हॅम्पायर आहे. टेम्पो भरून आम्ही गेलो. पैज ठरलेली: लाकूड निघालं तर बंडानं जन्मभर आण्णांना 'जेट' म्हणायचं नाही, आणि धातू निघाला तर आण्णांनी जेटबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही.

चौथरा दीड पुरुष उंच. हात पोचेना. बंडानं शेजारच्या गाडीतला एक लांब ऊस उपसला आणि वर करून विमानाला ठोकला. टण्ण!

"पंख हाय त्यो!" आण्णा ओरडले. "पंख धातूचंच हाय, मी कवा न्हाई म्हटलं? नाकाड वाजीव! नाकाड!"

"आता नाकाड म्हनत्यात!" आणि हशा.

नाकापर्यंत ऊस पोचत नव्हता. शिवाय नाकाखाली कारंजं होतं, आणि माळीबुवा वरनं पाईपानं विमानाला अंघोळ घालत होते. त्यावर लोखंडाला मारतात तसा जाड चंदेरी ऑईलपेंट. आण्णांनी ते पाहिलं आणि पैज विसरून ते माळ्याच्या अंगावर धावले. "पानी का मारतायसा?"

"झळाळी ऱ्हावी म्हणून. रोज मारतो की."

"आरं, लाकूड हाय ते! सडंल!"

माळ्यानं आमच्याकडं बघून डोळा मारला आणि विचारलं, "तुमच्याबरोबर आल्यात व्हय?"

परतताना टेम्पोत सगळे इतके हसले की चाकांना वारा भरावा लागला. पैजेप्रमाणे तोंड बंद ठेवायला आण्णा तयार होते. पण त्या वर्षापासून दर वर्षी कारखान्याला एक अर्ज जाऊ लागला. मजकूर एकच: 'आपल्या उद्यानातील विमान लाकडी आहे. कृपया त्यास पाणी मारू नये. कारंजे हलवावे. कळावे.' हा अर्ज कारखान्याच्या वार्षिक सभेत, उसाचा भाव आणि वजनकाटा यांवरून सभासद तापले की, वातावरण निवळायला वाचून दाखवायचे, असं ऐकलं. अकरा अर्ज गेले. एकाचंही उत्तर नाही.

आणि मग यंदाच्या फेब्रुवारीत एका मंगळवारी मी पेपर उघडला आणि खुर्चीतनं उडालो. चौथ्या पानावर, खाली, चौकटीत: 'लढाऊ विमानाला वाळवी!'

मी अनवाणी धावलो. आण्णा दात घासत होते. मी पेपर नाकासमोर धरला. त्यांनी मथळा वाचला. परत वाचला. चष्मा आणून परत वाचला. मग तोंडातल्या फेसासकट जी आरोळी ठोकली, ती बिंदू चौकात ऐकू गेली असणार.

"वाळवी लागली! आक्के, वाळवी लागली! पेढं आन!"

पुढच्या तासाभरात कोल्हापुरात जे झालं ते इतर कुठल्या गावात झालं नसतं. माणूस पेढ्याचा पुडा आणि पेपर घेऊन दारोदार निघाला. "घ्या, त्वांड गोड करा. वाळवी लागली!" आमच्या गल्लीत नवीन आलेल्या एका बिऱ्हाडकरू बाईंनी पेढा घेतला, दार लावलं आणि आतनं कडी घातली. आण्णा बंडाच्या दुकानी पोचले तेव्हा मागं पंचवीस माणसं. बंडानं पेपर वाचला. दूध उतू गेलं तरी वाचत राहिला.

"आण्णा," तो शेवटी म्हणाला, "वाळवी लोखंड खात न्हाई व्हय?"

"खाती का? तूच सांग."

बंडा बाहेर आला, रस्त्यात, सगळ्यांदेखत त्यानं हात जोडले. "चुकलं आण्णा. वीस वर्सं चुकलं." आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला त्यानं उचलून खांद्यावर घेतलं. तालमीतनं हलगी आली. कुणीतरी गुलाल आणला. आमच्याकडं गुलाल शिल्लक असतोच. निवडून आलेल्या आमदाराची निघत नाही अशी मिरवणूक निघाली. हलगी कडाडतेय, बंडा नाचतोय, वर आण्णा लालभडक, हातात पेपर, आणि सगळी गल्ली ओरडतेय, "लाकडाचंच हाय! लाकडाचंच हाय!"

नाचता नाचता आण्णांनी पेपरची घडी उलगडली. मथळ्याखालचं त्यांनी तोवर वाचलंच नव्हतं. मी खालून बघत होतो. त्यांचे ओठ हलत होते, आणि मग थांबले.

"मला खाली उतरीव," ते म्हणाले.

हलगीत कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी बंडाचा कान धरला. "उतरीव म्हंतोय न्हवं!"

बातमीत पुढं लिहिलं होतं की विमानाचा पुढचा भाग पोखरला गेला असून तो पर्यटकांच्या अंगावर पडण्याचा धोका आहे; सबब येत्या सोमवारी क्रेननं विमान उतरवून भंगारात देण्यात येईल आणि त्या जागी फायबरचं आकर्षक विमान बसवण्यात येईल.

"माझं खरं ठरलं मास्तर," आण्णा म्हणाले. गुलालातून दोन ओघळ खाली आले. "पन ते चाललं की."

त्याच दुपारी आम्ही तिघं, आण्णा, बंडा आणि मी, कारखान्यावर. बागेचे अधिकारी इंगवले साहेब. तरुण माणूस, पण चेहरा ऑडिटच्या आदल्या दिवसाचा. नाव ऐकताच ते खुर्चीतनं उठले. "म्हणजे ते अर्जवाले सुतार तुम्हीच?" शिपायाला बोलावून त्यांनी दाखवलं, "हे बघ, हेच ते." मग आपण काय करतोय ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी खुर्च्या पुढं केल्या.

"साहेब," आण्णा म्हणाले, "मला करू द्या."

"काय करू द्या?"

"दुरुस्ती. सोमवारच्या आत."

"आण्णा, तुमचं वय काय? आणि नाक उद्या पोरांच्या डोक्यावर पडलं तर गुन्हा माझ्यावर."

"पडणार न्हाई."

"कशावरून?"

आता इथं मी पुढं झालो. मी सांगितलं की आण्णांकडं तीन देशांतून विमानं दुरुस्तीला येतात आणि परवाच एक परत पाठवलं. आण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी अर्ध्या वाक्यात थांबलो. "ह्येंचं ऐकू नका," ते म्हणाले. "मी पन्नास वर्सांत असल्या इमानाला हात लावल्याला न्हाई. पन लाकूड मला कळतंय. सोमवारी सकाळी तुमी या. एक फळकूट जरी हललं, तर क्रेन लावा. मी सोता हूक अडकवून देतो."

इंगवले साहेबांनी खिडकीतनं विमानाकडं पाहिलं. मग म्हणाले, "सोमवारी, दहा वाजता."

सहा दिवस. एक पोखरलेलं जेट आणि सत्त्याहत्तर वर्षांचा सुतार. तुम्हाला काय सांगू, सबंध गल्ली तिकडं लोटली! बांबूंची परांची बांधली. कारंजं बंद झालं. बाल्सा कोल्हापुरात कुठला मिळायला? आण्णा म्हणाले, "पांगारा आना." सावंतवाडीची खेळणी ज्या हलक्या लाकडाची होतात तो पांगारा. बंडा दुकान बंद ठेवून आंबोली घाट उतरला आणि टेम्पोभर पांगारा घेऊन आला. आक्का भाकरी बांधून आल्या, पदर खोचून विमानाच्या नाकासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे ही व्हय माझी सवत. पन्नास वर्सांनी त्वांड बगाय मिळालं. बरी हाय की!"

वर परांचीवर आण्णा एकदम तिशीतले झाले. रंगाचे सात थर खरवडले. टक् टक् वाजवत खडूनं रेघा मारल्या: हे गेलं, हे ऱ्हायलं, हे गेलं. सडकं लाकूड कापून काढलं तेव्हा वाळवीचं एक गावच उघडं पडलं, गल्ल्या, चौक, बोळ, सगळं. मी आणि बंडा शिकंजे, म्हणजे गोंद धरेपर्यंत लाकूड आवळून ठेवायचे चाप, धरायला. चूक झाली की वरनं आवाज यायचा, "मास्तर, जेट हाय ते! शाळंचं बाक न्हवं!" पहिल्या चार दिवसांत निम्मं नाक नवं झालं. पाचव्या दिवशी, शनिवारी, आण्णा बसायच्या जागेमागच्या पोकळीत अर्धे आत शिरले होते, फक्त पाय बाहेर. करवत चालू होती. एकदम थांबली.

"आण्णा? काय झालं?"

बंडा घाबरून पाय ओढायला लागला.

"वडू नगंस. बॅटरी दे."

मी वाकून आत पाहिलं. वीतभर चौकोनी ठिगळ होतं, कुणीतरी जुन्या काळी मूळ लाकडात बसवलेलं, इतकं बेमालूम की सांधा नखाला लागू नये. आजूबाजूला वाळवीनं नुसतं पीठ केलं होतं. ठिगळाच्या डाव्या कडेचा वरचा पापुद्राही तिनं खाल्ला होता. आणि उरलेल्या भागावर पेन्सिलीनं, इंग्रजी अक्षरांत, अर्धवट नाव: '…नाथन'. आधीची अक्षरं वाळवीच्या पोटात.

"आमची रीत हुती," आण्णा आतूनच बोलले. आवाज पोकळीतनं लांबून आल्यासारखा. "आतलं काम झालं की झाकण लावायच्या आदी नाव लिवायचं. बारीक. साहेबास्नी कळू द्यायचं न्हाई. वर रंग चढतोय, बाहेरनं कोन बगणार? पायलटचं नाव बाहेर, आमचं आत."

"तुम्ही ओळखत होता यांना?"

"न्हाई. इश्वनाथन असंल, रामनाथन असंल. मी ह्या इमानावर कदीच न्हवतो."

मग अडचण आली. तो ठिगळाचा भाग सडक्या फळीच्या मधोमध होता. अख्खी फळी कापून नवी टाकली तर तीन तासांचं काम. ठिगळ वाचवून भोवतीनं कोरत जायचं तर दीड दिवस. आणि हातात होता दीड दिवसच.

"कापा की आण्णा," बंडा म्हणाला. "एका नावापायी सगळं जेट जाईल."

आण्णा बाहेर आले. भुशानं पांढरे झालेले. "बंडा, भवतीनं सगळं खाल्लंय. त्येच्या सांध्याला दात लागला न्हाई. असला सांधा मी कापू?"

"पन येळ!"

"येळ मी बगतो. तू शिकंजा धर."

त्यांनी ते ठिगळ वाचवलं. बोटभर बोटभर लाकूड काढत, घालत, दीड दिवस ते जेवायला खाली उतरले नाहीत. मला आठवतं, आक्कांनी परांचीवर चढून त्यांच्या तोंडात घास घातले. "नाथनरावास्नी बी घालू का?" त्यांनी विचारलं. आण्णा हसले, पण हात थांबला नाही.

सोमवारी दहाच्या ठोक्याला क्रेन आली. मागून इंगवले साहेब. आतली एक शेवटची फळी सोडली तर काम पुरं झालं होतं. साहेब परांचीवर चढले. नाक दाबून पाहिलं, हलवून पाहिलं, बुक्की मारून पाहिली आणि हात झटकला. "वरून ठीक आहे. पण वजनाला टिकेल का?"

"बंडा," आण्णा म्हणाले, "बस आत."

बंडाचा चेहरा पडला. एकशेदहा किलो! खाली शे-दोनशे माणसं श्वास रोखून. बंडानं देवाचं नाव घेतलं, एक पाय आत टाकला, दुसरा टाकला, आणि बसला. लाकूड कुरकुरलंसुद्धा नाही. साहेब म्हणाले, "हला." बंडा हलला. "जोरात." बंडानं आत बसून अशा उड्या मारल्या की चौथऱ्यावरची धूळ उडाली. विमान ढिम्म.

इंगवले साहेबांनी खाली क्रेनवाल्याला हात केला. "जा परत." मग माळ्याकडं वळून, "आणि ते कारंजं उद्याच्या उद्या उखडायचं. पाण्याचा एक थेंब दिसला तर तुला चौथऱ्यावर उभा करीन!" आणि आण्णांना अगदी हळू आवाजात, "ते अकरा अर्ज मी फाईल करून ठेवतो. उत्तर द्यायला हवं होतं."

खाली हलगी कडाडली. शिट्ट्या, आरोळ्या, "नाद न्हाई करायचा आण्णांचा!" बंडाला आता बाहेर येता येईना, तो कमरेशी अडकला होता आणि चौघं त्याला उपसत होते, आणि तो आतनं ओरडत होता, "सावकाश! लाकूड हाय! लाकूड हाय!"

त्या गोंधळात मी आण्णांकडं गेलो. मागच्या बाजूला ती शेवटची फळी लावायची होती, ठिगळावरची. आण्णांनी कानावरची पेन्सिल काढली. मला वाटलं, आता लिहिणार फूटभर अक्षरांत, आणि लिहावंच. वीस वर्षं खोटा ठरलेल्या माणसानं लिहू नये तर कुणी? केवढी कोरी जागा होती आत. ती सोडून ते वाकले आणि त्या 'नाथन'ला अगदी खेटून, त्याच बारीकपणानं लिहिलं: दत्तू सुतार, कोल्हापूर.

"आण्णा, तिथं कशाला? इकडं मोकळं पडलंय की सगळं. दिसंल तरी कुणाला."

"दिसाय न्हाई लिवलं," आण्णा म्हणाले. "एवढी वर्सं एकटाच बसलाय त्यो आत."

त्यांनी फळीला गोंद लावला आणि ती जागेवर बसवली. मी शिकंजा पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. दोन्ही तळहात फळीवर ठेवून, गोंद धरेपर्यंत, ते तसेच उभे राहिले.